रात्रीचं रक्त

दिवसा हे रक्त काही बोलत नाही.
दुपारी बोट टोचलंत तर काच कोरी निघेल
आणि वाडी म्हणेल, बघा, आमच्यात काही नाही.
ते जंतू दिवसभर फुप्फुसांच्या आडोशाला पडून असतात,
डास उठायच्या वेळेला उठतात.
म्हणून आमची ड्यूटी साडेआठनंतर.

टॉर्च, स्पिरिटचा बोळा, पन्नास काचांची लाकडी पेटी,
सुतळीने बांधलेलं रजिस्टर.
तांडेलवाडीच्या घाटीवर कुत्री आधी ओळखतात,
मग घरोघरचे दिवे जातात.
"झोपलीत सगळी," दारातून एक जागं माणूस सांगतं.

खाडीकडेला पास्कूच्या कोंडीत
सोडणं कुजतात सहा सहा महिने.
काळं पाणी, त्याला वाफेसारखा वास,
आणि अळ्या, डोकं खाली करून लोंबणाऱ्या,
टॉर्च मारला की सगळ्या एकदम तळाला.
पास्कू म्हणतो, "तेल ओतलास तर काथो काळो पडतलो.
मगे तो इकत कोण घेतलो? तुमी?"
मी कोंडीचा नंबर लिहून घेतो.

शेवंती तांडेल मात्र स्वतःहून बोट पुढे करते, दरवर्षी.
तिच्या डाव्या पायातलं जोडवं
वेंगुर्ल्याच्या सोनाराने कापून काढलं, त्याला अठरा वर्षं झाली.
तिची काच दरवर्षी कोरी.
"रगतात काय नाय, तर पायात काय आसा?"
मी सांगतो, किडे कधीच मेले गो,
जाताना वाटा तेवढ्या बुजवून गेले.
सुंभ जळला, पीळ राहिला.
ती हसते. जन्मभर सुंभ वळलेली बाई,
तिला मी पीळ शिकवतोय.
मग पाय धुवायचा साबण मागते.
साबण आलेला नाही.

जत्रेच्या रात्री कुणाला झोपेचं सोंग घेता येत नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिथंच जा.
संकासुर येऊन गेला होता, पेटी तापली होती.
पडद्यामागे ट्रंकेवर अनंत आरोलकर, वय तेवीस,
अर्धी मोहिनी झालेला: एका डोळ्यात काजळ, एक नुसताच.
"कमी घेवा हां, माका रातभर रडूचा आसा."
तीन थेंब.

तिसऱ्या दिवशी भिंगाखाली
जांभळा, आपल्याच पातळ खोळीत वळलेला,
कुणी अक्षर काढता काढता हात थांबवावा तसा.
एक नव्हे. सतरा.

मी रजिस्टर मिटलं आणि
त्याच्या हंगामाचा हिशोब मनात आपोआप चालू झाला.
साठ गावं. साठ रात्री.
दहा ते दोन, रक्त जागं, डास जागे,
आणि उघड्या पायांचं अख्खं गाव समोर बसलेलं.
यात त्याची चूक शोधायला गेलो
तर एक टाळीसुद्धा सापडत नाही.

गाठला त्याला आरवलीच्या पुढे, एका देवळामागे.
वजन विचारलं, गोळ्या मोजल्या, बारा दिवसांच्या.
पहिली समोर गिळायची असा नियम.
रंगवलेले ओठ तांब्याला न लावता
त्याने वरून पाणी ओतून घेतलं.
दुखेल का, ताप येईल का, काही विचारलं नाही.
एवढंच: "पाय?"
मी म्हणालो, वेळेत सापडलंय.
हे वाक्य मी किती दारांत म्हटलंय
आणि किती दारांत ते उशिरा पोचलंय,
ते त्याला सांगितलं नाही.

बाहेर सूत्रधाराने हाक दिली.
तो खाली बसला, चाळ बांधायला,
आणि पट्ट्याची भोकं बोटाने मोजली.
तिसरं.
"कालचाच," म्हणाला,
आणि लुगडं सावरत उजेडात गेला.