डोक्यावर हात

पहिला पतंग माझ्या बोंबलांवर पडला.
वलांडी आडवी, दोनशे बोंबील वाळूत,
आणि पाण्यातून धावत आला एक उघडा पारशी,
कमरेला लोखंडी आकडा, तोंडात सॉरी सॉरी.
मी त्याला मनोरीच्या भाषेत काय ते सांगितलं.
कळलं नाही, ते बरं झालं.

पैसे देत होता. म्हटलं, ठेव पैसे.
हे धूड खाली कसं घेतात ते दाखव,
म्हणजे पुन्हा माझ्या मासळीवर नको.

तर असं असतं.
पाण्यातला माणूस आपल्याच डोक्यावर थोपटतो.
आमच्यात डोक्याला हात लावला म्हणजे
जाळं फाटलं, नाहीतर जावई प्यायला लागला.
यांच्यात त्याचा अर्थ,
मला उतरायचंय, कोणी आहे का?
मग आपणही आपल्या डोक्यावर थोपटायचं.
आहे.
तोवर त्याने पतंग वरच धरायचा.

मग तो त्याला कडेकडेने आणतो,
वाऱ्याच्या अगदी काठावर,
जिथे वारा असतो पण त्याचा राग नसतो.
पंखाचं टोक वाळूला टेकू टेकू झालं
की पुढची फुगलेली कड धरायची, मधोमध.
दोऱ्यांना हात नाही. कधीच नाही.
नोझर हे सांगत होता तेव्हा मी मान हलवली
आणि तिसऱ्याच दिवशी दोरी धरली.
ही बघा करंगळी. कोलंबी सोलताना वाकत नाही.
पास्कू म्हणाला, चाळीस वर्षं होडीचे दोर ओढलेस
आणि ह्या सुतळीला फसलीस?
अरे, ते दोर मी ओढत होते.
ह्याने मला ओढलं.

एप्रिलातली गोष्ट. चारनंतर वारा असा सुटला
की वाळू पिंढऱ्यांना टोचत होती.
बाकीचे गुंडाळून गेले होते.
शाल्मली एकटी राहिली, गुडघाभर पाण्यात,
बारीक पोरगी, वाऱ्याच्या मानाने पतंग मोठा,
टाचा रुतवून मागे रेललेली.
हात डोक्यावर. परत डोक्यावर.
रिसॉर्टचा एक पाहुणा माझ्याआधी धावला,
एका हातात मोबाइल, दुसरा वर, झेल घ्यायला निघाल्यासारखा,
आणि उभा कुठे राहिला,
तर ती आणि पतंग यांच्या बरोबर मधे.
मी ओरडले. वाऱ्याने माझा आवाज मागे गावात नेला.
मग लुगडं खोचलं, धावले, दंडाला धरून
त्याला बाजूला केलं. म्हणजे, ढकललाच.
फोन वाळूत.
बाहेरच्या बाजूने फिरून माझ्या जागेवर गेले
आणि डोक्यावर दोनदा थोपटलं.

तीस पावलांवरून
तिचे खांदे खाली आलेले मला दिसले.

कड हातात आली, तरी काम संपत नाही.
झेल घेतला की क्रिकेटमधला पोरगा हात वर करतो,
इथे पतंग अजून जिवंत असतो,
कोळंब्याच्या टोपलीतल्या खेकड्यासारखा चाचपत असतो.
ती माझ्याकडे चार पावलं येईपर्यंत,
दोऱ्या ढिल्या पडेपर्यंत, धरून राहायचं.
आणि ओढलंच त्याने, तर सोडायचं.
हे शिकायला मला सगळ्यात वेळ लागला.
समुद्रावरच्या हातांना सोडायचं कोणी सांगत नाही.

त्या दिवशी सोडावं लागलं नाही.
पालथा केला, नाक वाऱ्याकडे,
वर दोघींनी ओंजळीने वाळू लोटली,
कबरीवर माती लोटतो तशी, थोडी जास्तच.
ती खाली बसली. आकडा सोडताना बोटं थरथरत होती.
मावशी, तुम्ही कधी उडवलाय?
छे गं. मला पोहता येत नाही.
ती हसली. मग रडली, तेही थोडंच.

एवढ्यात फोनवाला आला, वाळू फुंकत.
म्हणाला, मस्त होतं,
फक्त नीट आलं नाही,
पुन्हा एकदा करता का?

मी डोक्याला हात लावला.
आमच्यातला.