घट

मत्राहच्या बंदरामागे, अत्तरवाल्यांच्या बोळात,
तिसऱ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर माझी पॉलिशची मोटर फिरते.
हुपरीत पैंजणांना घुंगरू लावायचो.
इथं लोकांच्या पूर्वजांची भांडी घासतो.

पेटी आली. आत हिरवी मखमल, कसरीनं खाल्लेली,
प्रत्येक चमच्याला त्याचा त्याचा खळगा.
चोवीस काटे, चोवीस चमचे, सूप वाढायचा एक डाव,
सुऱ्या मात्र तेवीस.
आणि सगळ्यांच्या देठावर एकच चिन्ह:
ढाल, ढालीत मागच्या पायांवर उभा सिंह,
जीभ तहानलेल्या कुत्र्यासारखी बाहेर.
वर तीन तारे, ढगातून आलेला एक हात, हातात कुऱ्हाड.
कुऱ्हाड कुणावर, ते दाखवलेलं नाही.

खाली फितीवर अक्षरं.
गोव्याचा काइतान लहानपणी चर्चमध्ये घंटा वाजवायचा,
त्याला नेऊन दाखवली.
सुरुवातीला ‘नाही’ आहे, म्हणाला, शेवटी ‘सदैव’.
मधला शब्द जेवणांनी खाल्ला.

गिऱ्हाईक बौशरचं. ईदनंतर मुलीचं लग्न.
सिंह काढ, ससाणा घाल,
मालक मुर्तदांनी सांगितलं,
न्हाव्याला केस बारीक कर म्हणावं तसं.

एका सिंहाला वीस मिनिटं लागतात.
आधी खरवडणी, मग दगड, मग बफ.
जीभ सगळ्यात शेवटी जाते, खोल कोरलेली असते.
डाव साफ झाला तेव्हा सवयीनं
त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली
आणि वाफेत एक बोकड उभा राहिला.
सिंहाच्या जागी, सिंहाच्याही आधीचा,
कुणा दुसऱ्याच घरचा,
सिंहवाल्यांनी कधीतरी
असाच एखादा माणूस पोटमाळ्यावर बसवून काढून घेतलेला.
वाफ विरली, बोकड गेला.
परत सोडली, परत आला.
चार वेळा केलं. त्याची मजुरी नसते.

उजव्या हाताचा चमचा डावीकडून झिजतो.
तेवीस तसेच होते.
एक उलटा.
एवढ्या मोठ्या टेबलावर एक माणूस
आयुष्यभर डाव्या हातानं सूप पीत राहिला.
कुणी फटका मारला नसेल.
किंवा मारला असेल, आणि तरीही.

बसदीतले पंडित सांगायचे,
आदिनाथांनी उजव्या हातानं ब्राह्मीला अक्षरं शिकवली,
डाव्या हातानं सुंदरीला आकडे.
मी मुलीचं नाव ब्राह्मी ठेवलं आणि ती निघाली डावखुरी.
पाच वर्षांची असताना आत्यानं तिचा हात
ओढणीनं पाठीशी बांधला, ताटावर बसवली.
मी सुट्टीवर होतो. समोरच होतो.
भात कालवत होतो.

मालक म्हणाले, तो एक तेवढा घासून बाकीच्यांसारखा कर,
आमच्यात डावा हात ताटाला लावत नाहीत.
आमच्यातही नाही, मी म्हटलं.
ससाणा कोरला त्याच्यावर, बाकीच्यांइतकाच नीट.
कडेला हात लावला नाही.
तपासताना त्यांनी चमचे मोजले, चोवीस भरले,
पेटी बंद केली.

संध्याकाळी फडक्यातला, पाटाखालचा,
नखातलासुद्धा भुगा झटकून काट्यावर घातला.
बहात्तर सिंह, दोनशे सोळा तारे,
ढगांसकट बहात्तर हात,
आणि बोकडाचं जे काही उरलं होतं ते.
वहीत लिहिलं: घट, एक्केचाळीस ग्रॅम.

रात्री फोन लावला.
ब्राह्मी जेवत होती, ताटाचा आवाज येत होता.
एका हातात फोन आहे, म्हणाली, लवकर बोला.
काय जेवतेस ते विचारलं.
आमटी-भात.
कुठल्या हातानं, ते विचारलं नाही.