शनिवारचा दोर

जेनोआच्या गोदीमागे, मासळीबाजाराला पाठ करून
आमचं थिएटर उभं होतं. मी तिथे बॅटरीवाली.
बॅटरी मालकाची, बूट माझे,
टोपी आधीच्या मुलीची. तिचं डोकं मोठं होतं.

त्या वर्षी एकच सिनेमा सोळा शनिवार चालला,
चाच्यांचा.
मी तो तुकड्यातुकड्यांत पाहिला,
कुणाचे गुडघे ओलांडत, कुणाला खुर्ची दाखवत,
म्हणून आजही नीट सांगता येत नाही
गव्हर्नरची मुलगी आधी चिडते की आधी हसते.

प्रेक्षक मात्र अख्खे पाहिले.
पुढच्या आठ रांगा गोदीतल्या माणसांच्या,
अंगाला डांबराचा वास, खिशात भाजलेले चणे,
आणि जहाजाबद्दल खोटं म्हणून खपायचं नाही.
"वारा कुठला, शीड फुगलंय कुठे!"
"सहा महिने दर्यावर, आणि सदरा असा पांढरा?
कोण धुतं रे, आई?"
लोहार बोर्झोने म्हणायचा, तलवारी अशा वाजत नाहीत,
असे वाजतात चमचे.

मग नायक दातांत सुरी धरून
डोलकाठीवर चढायचा
आणि आठही रांगांतले चणे
चावायचे थांबायचे.

हातात दोर. खाली समुद्र,
किंवा समुद्र म्हणून रंगवलेलं काहीतरी.
तो हसतो.
मरणाच्या काठावर इतके स्वच्छ दात!
पाय कठड्यावरून सुटतो
आणि तो निघतो, ह्या जहाजावरून त्या जहाजावर,
जणू मधे काहीच नाही, ना पाणी, ना पोट, ना भाडं थकलेलं.
एकदा मी बॅटरी खाली धरली तर
सगळ्यांचे पाय जमिनीपासून चार बोटं वर.
आयुष्याची दोरी बळकट असते म्हणतात काहींची.
सिनेमात ती निदान दिसते तरी.

नाताले कानेपा कडेच्या खुर्चीत बसायचा.
दोर वळणारा. हसायचा नाही, ओरडायचा नाही.
त्या प्रसंगाआधी यायचा, तो झाला की उठायचा.
पाचव्या शनिवारी मी विचारलं, शेवट नाही बघायचा?
"लग्न होतं," म्हणाला. "शेवटी लग्नच होतं."

मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही.
भाजी घेताना कळलं, कांदे मोजता मोजता.
सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये क्रेनचा दोर तुटला होता,
त्याच्या हातचा पीळ,
आणि खाली त्याच्याच बहिणीचा ओरेस्ते, वय एकोणीस.
चौकशीत निघालं, अंबाडी लढाईनंतरची, आतून कुजकी.
दोष कुणाचाच नाही.
कागदावर कुणाचाच नाही.

अकराव्या शनिवारी फिल्म तुटली, नेमकी तिथेच.
नायक अधांतरी,
मग त्याच्या छातीवर तपकिरी फोड,
मग नुसता पांढरा उजेड.
एकही शिट्टी नाही.
वर जेरोलामो कात्री आणि सरस घेऊन शिव्या देत होता,
जळका वास खाली उतरत होता,
सुंभ जळल्याचा.
कानेपाने पुढची खुर्ची दोन्ही हातांनी
अशी धरली होती की मी बॅटरी फिरवून घेतली.

जोडली. चालली. बोटभर फिल्म कमी.
पण जोड तिथेच कच्चा, तो पुन्हा सुटला, पुन्हा,
आणि दर वेळी जेरोलामोच्या कात्रीने थोडं आणखी.
सोळाव्या शनिवारी उरलं ते एवढंच:
नायक ह्या जहाजावर हसतो.
नायक त्या जहाजावर उभा.
झोका नाही. समुद्र नाही. दोर नाही.

पुढच्या रांगांनी बोंब ठोकली,
बोर्झोने तर पैसे परत मागायला मालकाच्या खोलीत गेला
आणि दोन सिगारेटी घेऊन आला.

कानेपा मात्र उठला नाही.
त्या रात्री लग्नापर्यंत बसला,
पडदा कोरा झाल्यावरही थोडा.
निघताना माझ्याकडे बघून म्हणाला,
"टोपी मोठी होते तुला."

मग दारात थबकून, पाठमोराच:
"पोचला ना तो?"

हो, मी म्हटलं.
पोचला.