शरण आलेल्याचे पंधरा गुण

डुलुथला जानेवारीत सरोवर कण्हतं,
बर्फ बर्फाला रेटत जातो त्याचा आवाज.
टॉर्गरसनच्या तळघरात तो पाइपांतून पोचतो,
आणि आम्ही पाच जण, पन्नाशीच्या अल्याडपल्याडचे,
आयनो तर सत्तरीचा, खनिजाच्या बोटीवरचा निवृत्त खानसामा,
एका गोब्लिनचं काय करायचं यावर
पावणेआठपासून भांडतोय.

गोब्लिननं भाला टाकलाय.
कागदावर त्याची उंची आहे, चिलखत आहे,
सात जीव आहेत, त्यातले दोन उरलेत,
आणि तळाला, आपल्या फॉर्मवर जिथे रक्तगट असतो तिथे
छापलंय: स्वभाव दुष्ट.

'छापलंय ना? मग संपलं,' डेलबर्ट म्हणाला.
तो काउंटीच्या तुरुंगात रात्रपाळी करतो,
पण इथे आम्ही ते काढत नाही.

'कोणी छापलं?' पा कूनं विचारलं.
तिच्या आईचाही एक कागद होता, छावणीतला.
त्यावर जन्मतारीख एक जानेवारी,
कारण कारकुनाला जागा कोरी सोडायची मुभा नव्हती.
'रकाना होता म्हणून भरला,' ती म्हणाली,
आणि संत्रं सोलायला घेतलं.

टॉर्गरसन पुठ्ठ्याच्या आडोशामागून बोलला.
चौतीस वर्षं तो हा खेळ चालवतोय,
पुस्तकाची पाठ मोडलीय, चिकटपट्टीवर चिकटपट्टी.
'स्वभावाचं राहू द्या. पान एक्केचाळीस काढा.
मारला तर पंधरा गुण.
सोडला तर? शोधा, सापडलं तर सांगा.
पुस्तक ज्याचे गुण देतं तेच त्याला म्हणायचं असतं.
बाकी सगळी प्रस्तावना.'

आणि समासात त्यानं पेन्सिलीनं लिहिलं:
शरण आलेल्याचेही पंधरा.

गोब्लिन सुटला. आम्ही स्वतःवर खूष.
पुढचे तीन शनिवार आम्ही इतके दयाळू होतो
की आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं.
दिसेल त्याला घेरायचं, गळ्याला पातं लावायचं,
शरण ये. पंधरा. पुढचा.
मार्लिसनं एका म्हाताऱ्या मीठवाल्याला दोनदा शरण आणलं,
जाताना एकदा, येताना एकदा.
आयनोनं वहीत रकानाच आखला: दया.
बेरीज शाईनं.

चौथ्या शनिवारी टॉर्गरसननं खोडरबर घेतलं.
कागद तिथे पातळ झालाय,
दिव्यासमोर धरला की मागच्या पानावरचे
कुऱ्हाडींचे भाव दिसतात.

'म्हणजे मारल्याचे पंधरा राहिलेच,' मार्लिस म्हणाली.
'राहिले.'
'आणि सोडल्याचं?'
'अजून सुचलं नाही.'
'हा काय नियम झाला?'
त्यानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिला.

त्याच रात्री, भुयारात, कंदिलाचं तेल संपत आलेलं,
तोच गोब्लिन. हातात भाला नवा.
पाळी डेलबर्टची.
फासा त्यानं मुठीत इतका वेळ धरला
की खाली ठेवला तेव्हा तो कोमट असणार.
'मी तलवार टाकतो.'
'किती गुण?' आयनोनं सवयीनं विचारलं,
पेन टेकवून.
कोणीच उत्तर दिलं नाही.

आता गोब्लिनचं दान. ते टॉर्गरसननं टाकायचं.
फासा टेबलावरून निसटला, गडगडत भट्टीखाली गेला,
आणि आम्ही पाचही जण गुडघ्यांवर, टॉर्च घेऊन,
धुळीत, एका जुन्या मोज्याशेजारी.
जीवदान आधी देऊन बसलेला माणूस
काय दान पडलंय ते वाकून बघत होता.

वाईट पडलं होतं.
भाला लागला. सातातले चार जीव गेले.
डेलबर्टनं ते कागदावर एकेक करून खोडले
आणि तलवार उचलली नाही.

साडेदहाला तो उठला, पाळीची वेळ झालेली.
पा कूच्या संत्र्याच्या चार फोडी
त्यानं रुमालात बांधून खिशात ठेवल्या.
तो संत्रं खात नाही, आम्हाला माहीत आहे.
कोणासाठी, ते विचारलं नाही.
इथे आम्ही ते काढत नाही.