हात लावून बघ

मोटर उघडायच्या आधी दस्तगीर मिस्त्री
तिच्या पाठीवर पालथा हात ठेवायचे,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"शंभर घातले. पंच्याहत्तर फिरले.
बाकीचे पंचवीस कुठं गेले, सांग की."
मी आयटीआयचं पुस्तक आठवत उभा.
मग माझं मनगट धरून लोखंडावर टेकवायचे:
"हे बघ. हितं बसल्यात."

उद्यमनगरातल्या शेडाशेडातून असले पंचवीस
दिवसभर पत्रा तापवत वर जायचे.
आमचं मांजर स्टॅबिलायझरवर झोपायचं.
"त्याच्या वाट्याचे दोन वाया धरू नको," म्हणायचे.

त्या साली पंचगंगा कुंभार गल्लीत आली.
जिन्याच्या सहाव्या पायरीला पाणी,
माडीवर आम्ही एकवीस जण, अर्ध्या रंगवलेल्या मूर्ती,
आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी,
घमेल्यात घालून डोक्यावरनं आणलेली.
मी इन्व्हर्टर जोडला. डबा घूं करत राहिला.
सकाळी बॅटरी निम्मी, फोन भरलेले चार.

मिस्त्रींनी वायर उपटली.
"बाराचे दोनशे तीस करायचे,
आणि दोनशे तिसाचे परत पाच?
रंकाळ्याला जायला पन्हाळा चढून उतरतोस व्हय रं?
आणि ह्यो डबा, कोण न्हाई जेवायला तरी
एकटाच खात बसतोय."
कुणाच्या तरी जीपमधला चार्जर सोलला,
दोन चिमटे लावले.
एकच पायरी, बारावरनं पाचावर.

पाच दिवस पुरली.
पडदा काळा करून, आवाज बारीक करून
एकेकाला एकेक मिनिट.
नागूबाई कुंभारणीनं जयसिंगपूरला पोराला लावला,
म्हणाली, "हाय मी," आणि ठेवला.
मिस्त्री तिच्याकडं असं बघत राहिले
जसं एखादं चांगलं वाइंडिंग बघावं.

आता त्यांचा हात कापतो.
पोरीकडं असतात, मिरजेला.
रविवारी फोन करतात,
कॉइल किती गेजची भरलीस, बेअरिंगला ग्रीस जादा थापतोस का अजून,
मांजर मेलं ते तिसऱ्यांदा सांगावं लागतं.
मधेच विचारतात,
"फोन कानाला गरम लागतोय काय रं?"

लागतो.

"न्हाई," म्हणतो मी. "बोला."