मंगळवारची रेघ

पहाटे तीनला महापेची शिफ्ट सुटते.
रात्रभर मी मंगळाच्या उत्तर ध्रुवाचे
रडारचे ठसे निवळत बसलेली असते,
काळ्यावर करडी रेघ, करडीवर काळी,
बर्फ, धूळ, बर्फ.
डोळे मिटले तरी रेघा.

दिवाळ्याच्या जेट्टीमागे बर्फाचा कारखाना.
अमोनियाचा वास घरापर्यंत सोबत येतो.
हसुराम मामा डबा पाण्यात बुडवतात,
लादी सुटते, हुकाने ओढतात,
टॉर्च आरपार मारतात.
"ही रेघ बघ गो. मंगळवारी लाईट गेलती."

मीही हेच करते, मामा.
माझी लादी दोन किलोमीटर जाड,
आणि लाईट कधी गेली ते
लाखांच्या वर्षांत मोजायचं.

"तिथं कशानं जाते?"

आस कलतो. दमल्या भोवऱ्यासारखा.
कधी इतका आडवा, की ध्रुव उन्हात येतो
आणि बर्फ उठून चालू लागतो विषुववृत्ताकडे.
वितळत नाही. मधे पाणी होतच नाही,
थेट वाफ, मग पुन्हा कुठेतरी हिम.
जाताना धूळ तेवढी मागे ठेवतो.

"पाणी न होणारा बर्फ!
मासळीला काय कामाचा?"

हसलो दोघं. मग म्हणाले,
"आपली का नाय कलत?"
कलते, थोडीच. आपल्याला मोठा चंद्र आहे.
धरून ठेवतो.

पारसिकच्या डोंगरावर अष्टमीचा अर्धा.
भांगाची खाडी, चिखलात टेकलेल्या होड्या.
मामा बराच वेळ बघत राहिले.
"होड्या वढतो ते ठावं होतं.
धरतो पण?"

भिंतीवर खडूने भरतीच्या वेळा,
त्याखाली विटांचं जोतं.
कॉम्प्रेसर दोनदा वर घेतलाय,
गेल्या उधाणाचा ओला पट्टा
तरी तिसऱ्या विटेवर.
"चांद तोच हाय ना?"
तोच, म्हटलं.
पुढचं त्यांनी विचारलं नाही.
मेपासून होड्या दुप्पट बर्फ मागतात,
मीटर दुप्पट पळतो,
हेही भिंतीवर लिहिलेलं होतंच, खडूने.

चारला क्रशर सुरू झाला.
लादी आडवी गेली आत,
पांढऱ्या गाभ्यासकट.
पाट्या भरल्या, होडीत उतरल्या.
मंगळवारची रेघ
कुठल्या बोंबलावर पडली,
मला कळलं नाही.