कोरडा दिवस

पाणी येतं पाचव्या दिवशी, तेही रात्री अडीचला,
म्हणून आमच्या अंगणात पाणी कायम साठलेलं:
दोन निळे बॅरल, सिमेंटचा हौद, कानतुटकी घागर.

शनिवारी महापालिकेची रुकसाना येते,
बॅटरीचा उजेड पाण्यात सोडते.
'बघा मावशी, वळवळतायत.'
मी बघते. विडीतल्या तंबाखूच्या चुऱ्यासारख्या,
पण जिवंत.

'ओता. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.'
बाई गं, आमचे चार कोरडेच असतात,
हा एक तरी ओला राहू दे.

ती हसत नाही.
तिच्या वहीत आमच्या घरापुढे लाल फुली,
आणि नरसूचा ताप, मीच सांगितलेला.

मग जुनं पातळ फाडलं,
बॅरलची तोंडं मागावरच्या दोऱ्यानं आवळली.
घागर उपडी. टायरीतलं पाणी लिंबाला.
हौदात तिनं पाच गप्पी मासे सोडले.

शेजारी अंबव्वा शेळीच्या कानामागून
गोचिडी वेचते, रॉकेलच्या डबीत टाकते.
'नखानं चिरडू नकोस,' म्हणते,
'आणि गोठ्याच्या भेगांत चुना भर,
नायतर उद्या परत मोजत बस.'

अडीचला नळ खोकला.
हौद घासायचा, म्हणून मासे तांब्यात काढले.
मोजले: चार. परत मोजले.
पायरीवर नरसू, आठ दिवसांनी उठलेला.
पाचवा कुठाय, विचारलं,
तर ओंजळीतलं पाणी सांडू न देता
नुसती मान हलवली त्यानं.